आवाजाची वाळू होते तेव्हा

हाँगकाँगमध्ये शाळेचे सत्र संपत आले की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘पा सेंग सा त्सो.’ कराओकेत रात्र जागवून आलेली मुले दुसऱ्या दिवशी हेच म्हणतात आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेला रुग्णही हेच सांगतो. शब्दाला शब्द लावला, तर अर्थ होतो, ‘आवाजाची वाळू झाली.’ मराठीत आवाज बसतो, दमलेल्या माणसासारखा खाली बसतो आणि उठायला तयार नसतो. बीजिंगकडच्या मँडरिनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘घसा मुका झाला’ असे म्हणतात. कँटोनीजमध्ये आवाज बसतही नाही आणि मुकाही होत नाही. तो येत राहतो, पण त्यात वाळू मिसळलेली असते.

कँटोनीज ही हाँगकाँग, मकाव आणि चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातली कोट्यवधी लोकांची भाषा. जगभरच्या जुन्या चायनाटाऊनमध्येही पिढ्यान्‌पिढ्या हीच बोलली गेली. मराठी माणसाला तिचे उच्चार इंग्रजी स्पेलिंगपेक्षा देवनागरीतून अधिक नेमके कळतात. इंग्रजीत जिथे ‘बी’, ‘डी’, ‘जी’ लिहितात, तिथे प्रत्यक्षात आपल्या ‘प’, ‘त’, ‘क’ या उच्चारांच्या जवळचे ध्वनी असतात. म्हणून इथे शब्द तसेच लिहिले आहेत. फक्त त्यांचे सूर देवनागरीत मावत नाहीत. ते सूर आणि बिघडलेला आवाज यांचे नाते पुढे येईलच.

आधी तो ‘पा’ पाहू. कँटोनीजमध्ये कोणतीही वस्तू मोजताना तिच्या आधी एक गणक शब्द लावावा लागतो. आपण ‘चार नग’, ‘दोन जुड्या’ म्हणतो, साधारण त्या जातीचा. सुरी, छत्री, कंगवा अशा मुठीत धरायच्या वस्तूंना ‘पा’ लागतो. आवाजालाही तोच. म्हणजे कँटोनीज माणसाकडे एक ‘मूठ’ आवाज असतो, जसा सुरीचा नग असावा तसा. वापरून वापरून सुरीची धार जाते, छत्रीची काडी मोडते, तशी या आवाजाचीही झीज होते, हे त्या भाषेत वेगळे सांगावे लागत नाही.

आणि ‘सा’ म्हणजे वाळू. पण हा शब्द फक्त समुद्रकिनाऱ्यावर राहत नाही. लाल चवळीसारख्या दाण्यांची एक गोड, दाटसर खीर ग्वांगडाँगमध्ये जेवणानंतर खातात. तिचे नाव ‘हुंग-तउ-सा’. दाणे शिजून फुटले आणि जिभेला बारीक कण लागू लागले की तिच्यात ‘वाळू उठली’ असे म्हणतात आणि ती स्वयंपाक करणाऱ्याची तारीफ असते. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, रवाळ. रवाळ तूप, रवाळ कलिंगड. घोगऱ्या आवाजाला ‘सा’ म्हणणारी भाषा त्या आवाजाचा पोत सांगत असते. आवाज रवाळ झाला आहे, गुळगुळीत राहिला नाही.

स्वरयंत्राच्या आत जे घडते त्याचे हे वर्णन वैद्यकीय पुस्तकातल्या वाक्यापेक्षा फार मागे नाही. घशाच्या पुढच्या भागात, पुरुषांमध्ये जिथे कंठमणी दिसतो, त्याच्या आत दोन स्वरतंतू असतात. तंतू हा शब्द तसा फसवा आहे, कारण त्या तारा नसून स्नायूवर मऊ, जेलीसारख्या थराचे अस्तर चढवलेल्या दोन घड्या असतात. फुप्फुसातून हवा वर आली की त्या एकमेकींवर आपटून पुन्हा उघडतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, तर स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या वर होते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखी असली की आवाज स्वच्छ येतो. सर्दीने अस्तर सुजले, ओरडून त्यावर घट्टे पडले किंवा कडेला गाठ आली की फेऱ्या असमान होतात. एखादी लांबते, एखादी अर्धवट राहते. मधल्या फटीतून हवा निसटते आणि तिचा खरखराट सुरात मिसळतो. स्वच्छ सुरात मिसळलेल्या या गोंगाटाचे प्रमाण आता यंत्राने मोजता येते. कँटोनीज कानाने त्यालाच वाळू म्हटले आहे.

वाळू किती, हेही बोलण्यातच सांगता येते. आवाज थोडासा घोगरा असेल तर ‘सा-सा-तेइ’. शब्द दोनदा म्हणायचा आणि शेवटी ‘तेइ’ लावायचा, की तीव्रता कमी होते. आपण ‘लालसर’, ‘आंबटसर’ म्हणतो तसे. आवाज पुरता गेला असेल तर ‘सा-साइ’, म्हणजे सगळीच वाळू. आणि ‘आइ तोउ सेंग सा’ म्हटले, तर ‘आवाजाची वाळू होईपर्यंत ओरडलो’. इथे कारण आणि परिणाम एका दमात सांगून होतात. फुटबॉलच्या सामन्यानंतर किंवा घरात मुलांच्या अभ्यासानंतर हे शेवटचे वाक्य जास्त ऐकू येते.

गंमत म्हणजे डॉक्टरही आवाज तपासताना असेच शब्दांवर अवलंबून असतात. रक्तातली साखर मोजावी तसा घोगरेपणा एका आकड्यात पकडता येत नाही. जपानमधल्या स्वरतज्ज्ञांनी तयार केलेली आणि मिनोरू हिरानो यांच्या १९८१ सालच्या पुस्तकामुळे जगभर पोहोचलेली ‘जीआरबीएएस’ नावाची एक मोजपट्टी आहे. ती वापरणारा तज्ज्ञ रुग्णाचे बोलणे ऐकतो आणि पाच गोष्टींना शून्य ते तीन असे गुण देतो : एकूण बिघाड किती, खरखर किती, हवा किती गळते, आवाज किती क्षीण आहे आणि तो काढायला किती जोर लावावा लागतो. हे सगळे कानाने ठरते. म्हणजे ‘सा-सा-तेइ’ आणि ‘सा-साइ’ म्हणणारी आजी आणि एक-दोन-तीन गुण देणारा तज्ज्ञ एकाच जातीचे काम करत असतात. फरक असलाच तर सरावाचा आणि शिस्तीचा आहे.

आता ‘तउ-सा-हउ’. ‘तउ-सा’ म्हणजे वर सांगितलेल्या खिरीतला किंवा पावात भरायचा शिजवलेल्या दाण्यांचा लगदा, आपल्या पुरणाचा दूरचा भाऊ. ‘हउ’ म्हणजे घसा. पुरण भरलेला घसा! कायमचा जाड, दाणेदार, खालच्या पट्टीतला आवाज असलेल्या माणसाला हा शब्द लावतात. ‘सा’ हे आजाराचे वर्णन आहे, आज आहे आणि उद्या जाईल. ‘तउ-सा-हउ’ ही मात्र ओळख आहे. हा शब्द चिडवायला वापरतात, तसाच एखाद्या गायकाच्या कौतुकालाही.

हाँगकाँगच्या लोकांना असा खोल, जाडसर आवाज म्हटले की अनिता मुई आठवते. १९६३ साली जन्मलेली ही गायिका अगदी लहानपणापासून जत्रांत आणि नाइटक्लबात गायची, कधी एकाच दिवशी सहा-सहा ठिकाणी. पंधराव्या वर्षी तिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने वर्षभर गाणे थांबवले. परत उभी राहिली तेव्हा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरला होता. डॉक्टरांनी धोक्याची जाणीव दिली होती, तरी तिने गाणे सोडले नाही. १९८२ साली तिने नवोदित गायकांची मोठी स्पर्धा जिंकली आणि पुढची वीस वर्षे तोच उतरलेला आवाज कँटोनीज पॉप संगीताची खूण बनला. २००३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले.

गाठी आल्या की आवाज खाली का जातो, याचे उत्तर सतारीच्या तारांत आहे. जाड तार सावकाश कंप पावते आणि खर्जात बोलते. स्वरतंतूंच्या कडेवर गाठींचे वजन चढले की त्यांचीही जाड तार होते. अशा गाठी बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात, कारण तिथेच आपटण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. सतत काम करणाऱ्या हाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. त्या कर्करोगाच्या नसतात आणि पुष्कळदा आवाजाला विश्रांती देऊन व योग्य रीतीने बोलण्याचे प्रशिक्षण घेऊन कमी होतात. मुईच्या कहाणीवरून घोगरेपणा ही कलावंताला मिळालेली देणगी आहे असे मात्र कोणी समजू नये. गाठी येऊन गळा गमावलेल्या आणि कोणाला नावही माहीत नसलेल्या गायकांची गोष्ट कोणी लिहीत नाही.

प्राण्यांवरून आलेले शब्दही आहेत. ‘ङउ-सेंग मा-हउ’, म्हणजे बैलाचा आवाज आणि घोड्याचा घसा. ही सरळ टीका आहे, ऐकवत नाही अशा भसाड्या आवाजावरची. पण ‘आप-कुंग-सेंग’ हा शब्द त्याहून चतुर आहे. त्याचा अर्थ नर बदकाचा आवाज. बदक म्हटले की आपल्याला मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ ऐकू येते, पण तो गोंगाट मादीचा असतो. पाळीव बदकांचा मूळ पूर्वज असलेल्या मॅलार्ड जातीत नराच्या आवाजाच्या अवयवाला एका बाजूला हाडाचा पोकळ फुगा असतो आणि त्याचा आवाज दबका, कोरडा, फाटका येतो. बदके पाळणारे लोक पिल्ले थोडी मोठी झाली की आवाजावरूनच नर-मादी ओळखतात. ग्वांगडाँगमध्ये घरोघरी, शेतोशेती बदके होती. त्यामुळे नुसते ‘बदकाचा आवाज’ न म्हणता ‘नर बदकाचा’ म्हणणे ही तिथे साधी निरीक्षणाची गोष्ट होती. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना हा शब्द हटकून ऐकावा लागतो. त्या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढते, तंतू लांब-जाड होतात आणि मेंदूला नव्या वाद्याचा हिशेब जुळवायला काही महिने लागतात. हा आजार नाही, पण मुलगा वर्गात हात वर करायचा थांबतो, एवढा त्रास त्याला नक्की होतो.

‘हउ’ या शब्दाकडे पुन्हा वळू. कँटोनीज संगीतनाट्यात गायकीचे तीन मोठे प्रकार आहेत. ‘ताइ-हउ’ म्हणजे मोठा घसा, ‘फिंग-हउ’ म्हणजे साधा, सपाट घसा आणि ‘त्सी-हउ’ म्हणजे स्त्रीभूमिकांचा उंच, बारीक घसा. घसा आणि गाणे यांना एकच शब्द. मराठीतही ‘तिचा गळा गोड आहे’ म्हणताना कोणी मानेकडे पाहत नाही. या रंगभूमीवरचे मोठे नट मा सी-त्सांग (१९००-१९६४) यांच्या गायकीला लोकांनी नाव दिले होते ‘हत-यी-हउ’, भिकाऱ्याचा घसा. धड गाणे नाही, धड बोलणे नाही अशी ती ठसकेबाज रीत होती. नाव हिणवणारे वाटते खरे, पण रसिकांनी ते प्रेमाने जपले.

आवाज पूर्णच गेला की वाळू संपते आणि उरतो तो ‘मोउ-सेंग’, म्हणजे आवाज नाही. वर्तमानपत्रात एखाद्या गायकाचा कार्यक्रम रद्द झाल्याची बातमी असेल तर तिथे ‘सत-सिंग’ असा भारदस्त शब्द येतो, आवाज हरवला. ‘सेंग’ आणि ‘सिंग’ हा एकच शब्द आहे, पहिला घरातला आणि दुसरा ग्रंथातला. दवाखान्यात लावलेल्या माहितीपत्रकात ग्रंथातली भाषा असते आणि रुग्णाच्या तोंडी घरातली. आपल्याकडे ‘स्वरभेद’ आणि ‘घसा बसलाय’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच हेही. सुश्रुताने स्वरभेदाचे सहा प्रकार सांगितले, तेही कारणांवरून : वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा, क्षयाचा आणि मेदाचा. घरातले शब्द मात्र दोन्हीकडे कानाला काय जाणवते त्यावरून आलेले. घोगरा, भसाडा, चिरका, फाटका.

आवाज गेला की माणसे कुजबुजू लागतात. घशाला आराम मिळावा हा हेतू. पण कुजबुजताना बरेच जण स्वरतंतूंच्या वरचे स्नायू आवळून धरतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आवाजाची तक्रार असलेल्या १०० रुग्णांचे स्वरयंत्र कुजबुजताना पाहिले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये हा ताण वाढलेला आढळला. थोड्या जणांमध्ये तो कमीही झाला, त्यामुळे कुजबुज सगळ्यांना वाईटच असे म्हणता येत नाही. तरीही आवाज बसलेला असताना शक्य तेवढे गप्प राहावे आणि बोलावेच लागले तर हलक्या पण खऱ्या आवाजात बोलावे, हा सल्ला त्यामुळे शहाणपणाचा ठरतो.

कँटोनीज माणसाला आवाज बसण्याचा आणखी एक त्रास आहे, जो मराठी माणसाला नाही. या भाषेत सहा सूर आहेत आणि सूर बदलला की शब्द बदलतो. ‘सी’ हे एकच अक्षर घ्या. उंच सपाट सुरात ते कविता होते, चढत्या सुरात इतिहास, मधल्या सुरात चाचणी, सगळ्यात खालच्या, घसरत्या सुरात वेळ, खालून थोडे चढले तर बाजार आणि खाली सपाट राहिले तर काम. भाषा शिकवणारे पहिल्याच दिवशी हे उदाहरण देतात. हे सूर निर्माण करायचे काम त्याच दोन स्वरतंतूंचे आहे. ते ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. सुजलेले, जड झालेले तंतू नीट ताणले जात नाहीत. वरचे सूर गाठताना आवाज फुटतो आणि खालचे सूर एकमेकांत मिसळू लागतात. बसलेल्या आवाजातली मराठी ऐकायला कष्टाची होते, पण ‘वेळ’चा ‘बाजार’ होत नाही.

तरी हाँगकाँगच्या बाजारात आवाज बसलेल्या भाजीवालीकडून लोक रोज भाजी घेतात आणि कोणाचा घोटाळा होत नाही. वाक्याचा संदर्भ, अक्षरांची लांबी, आवाजाचा जोर यांवरून कान रिकाम्या जागा भरतो. त्यात आणखी एक गुंता आहे, आणि तो भलता मजेशीर आहे. सहांपैकी सगळ्यात खालच्या सुरात, म्हणजे ‘वेळ’ या अर्थाच्या ‘सी’मध्ये, धडधाकट माणसाचा आवाजही पुष्कळदा किंचित चरचरतो. इतक्या खाली तंतू सैल पडतात आणि दाराच्या कुरकुरण्यासारखे तुटक कंप पावतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की ही चरचर ऐकू आली तर श्रोते तो सूर अधिक अचूक ओळखतात. थोडक्यात, कँटोनीजमध्ये थोडी खरखर हा भाषेचाच भाग आहे. आवाज तपासणाऱ्या तज्ज्ञाला सुराची खरखर आणि आजाराची खरखर वेगळी काढावी लागते. फक्त इंग्रजी ऐकून तयार झालेला कान तिथे चुकू शकतो.

इथपर्यंत शब्द मदत करतात. पुढे एक शब्द आहे जो अडवतो, आणि तो आहे ‘यित-हेइ’. शब्दशः गरम हवा, आणि अर्थ म्हणाल तर आपली ‘उष्णता’. तळलेले खाल्ले, जागरण झाले, लिची जास्त खाल्ली, की यित-हेइ वाढते. एका लिचीत तीन आगी असतात अशी म्हणच आहे तिकडे. आपल्याकडे आंब्याबद्दल जे बोलतात तेच. तोंड आले, पुटकुळ्या उठल्या, घसा दुखला, आवाजाची वाळू झाली, सगळ्याला कारण यित-हेइ. उपाय म्हणजे ‘ल्योंग-छा’, थंड चहा. नाव चहाचे, पण आत असतात कडू वनस्पतींचे काढे. तांब्याच्या भोपळ्यासारख्या मोठ्या भांड्यांची ही दुकाने हाँगकाँगच्या गल्ल्यांत अजून आहेत आणि २००६ साली चीनने ल्योंग-छाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. घरी ‘लो-होन-क्वो’ नावाचे गोड फळ उकळून पितात. काढ्यांत ज्येष्ठमधही असतो. आवाज बसला की ज्येष्ठमधाची काडी चघळणाऱ्या मराठी गायकाला तिथल्या काष्ठौषधींच्या दुकानात तेवढी तरी ओळखीची वस्तू सापडेल.

या पेयांनी घशाला बरे वाटते, यात खोटे काही नाही. मात्र गिळलेला कोणताही द्रव स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. गिळताना स्वरयंत्राचे दार बंद होते आणि पेय मागच्या अन्ननलिकेत जाते. चुकून तंतूंवर थेंब पडलाच तर जोराचा ठसका लागतो. पाणी उपयोगी पडते ते आडवाटेने : शरीरात पाणी पुरेसे असले की तंतूंवरचा चिकट थर पातळ राहतो. हाँगकाँग विद्यापीठात आवाजावर दीर्घकाळ काम करणारे एडविन यिउ आणि त्यांच्या सहकारी यांनी २००३ साली कराओके गाणाऱ्या २० हौशी तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधूनमधून पाणी आणि थोडी विश्रांती मिळालेले गायक, सलग गाणाऱ्यांपेक्षा दमेपर्यंत अधिक वेळ गाऊ शकले. प्रयोग छोटा आहे. पण कराओकेचे वेड असलेल्या शहरात प्रयोगशाळेसाठी याहून योग्य विषय तो कोणता?

अडचण ल्योंग-छाच्या चवीची नाही, तारखेची आहे. यित-हेइ या उत्तरात कधी थांबायचे ते लिहिलेले नसते. एका काढ्याने गुण आला नाही तर दुसरा, मग तिसरा. आपल्याकडेही ‘उष्णता आहे, जाईल’ म्हणत महिने जातात. साध्या सर्दीचा किंवा ओरडण्याचा घोगरेपणा बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र आत डोकावून पाहावे, असे अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांची २०१८ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. धूम्रपान, मानेत गाठ, गिळताना वा श्वास घेताना त्रास, थुंकीत रक्त, नुकतीच झालेली थायरॉइडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर तेवढेही थांबू नये. ब्रिटनमध्ये ४५ वर्षे व त्यापुढच्या व्यक्तीचा आवाज कारणाशिवाय बसून राहिला, तर स्वरयंत्राच्या कर्करोगाची शंका धरून तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करावा, अशी सूचना डॉक्टरांना आहे.

घोगरेपणाला इतके महत्त्व देण्याचे कारण स्वरतंतूंच्या रचनेत आहे. पोटात किंवा फुप्फुसात गाठ बरीच मोठी होईपर्यंत गप्प राहू शकते. स्वरतंतूच्या कडेवर मात्र काही मिलिमीटरची गाठ आली तरी कंप बिघडतो आणि आवाज बदलतो. त्या टप्प्यावर सापडलेला कर्करोग बहुतेक रुग्णांमध्ये बरा होतो, आणि पुष्कळदा आवाजही वाचतो. कधी तंतू निरोगी असतात आणि दोष त्यांना हलवणाऱ्या मज्जातंतूत असतो. डाव्या बाजूचा हा मज्जातंतू विचित्र वाटेने जातो. मेंदूकडून निघून छातीत उतरतो, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर घशात येतो. त्यामुळे छातीतल्या गाठीची पहिली तक्रार घशात उमटू शकते. तंतू लुळा पडला की आवाजात वाळू कमी आणि वारा जास्त येतो.

हे कानाने ओळखता येईल का? थोडेफार. खरखर ही असमान कंपाची खूण आहे आणि फुसकेपणा हवा गळण्याची. पण सर्दीची वाळू, गाठींची वाळू आणि कर्करोगाची वाळू यांत फरक सांगणारा शब्द कँटोनीजमध्ये नाही आणि मराठीतही नाही. अनुभवी तज्ज्ञाचा कानही तिथे अपुरा पडतो. नाकातून सरकवलेल्या बारीक दुर्बिणीने तंतू प्रत्यक्ष पाहावे लागतात. काही मिनिटांचे काम असते, नाकात थोडी चुरचुर होते. रुग्णाने ‘पा सेंग सा त्सो’ म्हटल्यावर डॉक्टर विचारतात, ‘सा त्सो केइ-नोइ आ?’ म्हणजे वाळू होऊन किती दिवस झाले? शब्दापेक्षा या उत्तरावर पुढचे सगळे ठरते, आणि नेमके तेच सांगताना माणसे दिवस कमी करून सांगतात.

उशीर झालेल्यांपैकी काहींचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. हाँगकाँगमध्ये अशा लोकांची स्वतःची संस्था आहे, ‘न्यू व्हॉइस क्लब’, नव्या आवाजाचे मंडळ. तिथे सहा सुरांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. मानेवर टेकवून बोलायचे विजेचे यंत्र साधारणपणे एकाच पट्टीत गुणगुणते. मराठीत ते यांत्रिक वाटले तरी अर्थ पोहोचतो. कँटोनीजमध्ये मात्र कविता, इतिहास, चाचणी, वेळ, बाजार आणि काम हे सगळे एकाच सुरात येतात. म्हणून तिथे काही जण दुसरे, जुन्या धाटणीचे साधन वापरतात. एक नळी, जिचे एक टोक मानेवरच्या श्वासाच्या छिद्रावर धरायचे आणि दुसरे तोंडात. मधला पडदा फुप्फुसातल्या हवेने थरथरतो. श्वास जोरात सोडला की सूर चढतो, हळू सोडला की उतरतो. दिसायला ते अवघडलेले दिसते आणि बोलताना एक हात त्यात अडकून राहतो. पण बाजारात उभे राहून वेळ विचारता येते.